हिशेबाबाहेर राहिलेले बियाणे

सन २०२० च्या जून महिन्यात मराठवाडा आणि विदर्भातील अनेक शिवारांत एक विपरीत दृश्य दिसत होते. त्या वर्षी मृगाने दगा दिलेला नव्हता. पाऊस वेळेवर आला होता, जमिनीत ओल होती आणि सोयाबीनच्या पेरण्याही बऱ्याच ठिकाणी वेळेत उरकल्या होत्या. तरीही आठ-दहा दिवस उलटून गेल्यावर शेतांतून कोंब वर येईनात. तासांमध्ये जागोजाग नांग्या पडल्या. माती उकरून पाहावी तर बी जागच्या जागी कुजलेले आढळे. कृषी खात्याकडे हजारो तक्रारी दाखल झाल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला या प्रश्नाची स्वतःहून दखल घ्यावी लागली. बियाणे पुरविणाऱ्यांनी शेतकऱ्याने खोल पेरणी केल्याचे कारण दिले, शेतकऱ्याने पुरविणाऱ्यांच्या नावाने बोटे मोडली, आणि शासनाने पंचनाम्यांचे आदेश काढले.

या वादात प्रत्येकाच्या बोलण्यात थोडेफार तथ्य होते. खोल पेरणीने सोयाबीनचे बी वर येत नाही हे खरे. बियाण्याच्या व्यवहारात लबाडी होते हेही खरे. परंतु मूळ कारण जून २०२० मध्ये शोधून सापडण्यासारखे नव्हते. ते आदल्या वर्षीच घडून गेले होते. २०१९ साली मराठवाड्यात जून-जुलैत पावसाने मोठी ओढ दिली, पेरण्या लांबल्या आणि साहजिकच पीकही उशिरा पक्वतेला आले. नेमक्या त्याच वेळी, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीस आणि नोव्हेंबरच्या आरंभी, अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि ‘महा’ ही दोन चक्रीवादळे पाठोपाठ उठली आणि महाराष्ट्रभर अवकाळी पाऊस कोसळला. कापून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजी भिजल्या, उभ्या पिकाच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले. जो दाणा कसाबसा हाती आला, त्यातूनच पुढच्या वर्षाचे बियाणे निघावयाचे होते. ते आतून खचलेले होते, आणि त्याची जाणीव व्हावयाला पुढचा जून उजाडावा लागला.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात राज्यपालांनी खरीप पिकांसाठी हेक्टरी ८,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, अशी मदत जाहीर केली होती. ती पुरेशी होती की अपुरी, हा वाद निराळा. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, ती मदत बुडालेल्या पिकाची होती. बिघडलेल्या बियाण्याची नव्हे. पहिल्या नुकसानीचा पंचनामा झाला, दुसऱ्याचा झालाच नाही. कारण आपल्या हिशेबाच्या वह्यांत त्यासाठी रकानाच नाही.

बेरीज नव्हे, गुणाकार

आपत्तींची मोजदाद एकेकटी करण्याची आपल्याला सवय आहे. दुष्काळ हा दुष्काळ, अतिवृष्टी ही अतिवृष्टी, उष्णतेची लाट ही उष्णतेची लाट. प्रत्येकीचे निकष वेगळे, कागद वेगळे आणि बहुधा टेबलही वेगळे. वनस्पतीला मात्र ही सोय उपलब्ध नाही. तिच्यावर जे येते ते एकत्र येते, आणि एकत्र आलेल्या दोन ताणांचा परिणाम हा त्या दोन ताणांच्या परिणामांची बेरीज नसतो.

याचे कारण वनस्पतीच्या शरीरव्यापारात आहे. पानांच्या पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म रंध्रे असतात. ऊन वाढले की वनस्पती ही रंध्रे उघडी ठेवून बाष्प बाहेर सोडते आणि त्यायोगे पान थंड राखते. माणसाला घाम येतो तसेच हे. उलट, जमिनीतील ओल सरू लागली की पाणी वाचविण्यासाठी तीच रंध्रे मिटून घ्यावी लागतात. आता ऊनही आहे आणि ओलही नाही, अशा वेळी वनस्पतीने काय करावे? रंध्रे उघडली तर ती सुकते, मिटली तर भाजते. म्हणजे एका संकटावरचा उपाय हाच दुसऱ्या संकटात अपाय ठरतो.

रॉन मिटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली तंबाखूच्या रोपांवर आणि २००४ साली मोहरीच्या कुळातील एका लहानशा रोपावर केलेल्या प्रयोगांतून ही गोष्ट अधिक खोलवर दाखवून दिली. केवळ पाण्याचा ताण असता ते रोप पेशींच्या रक्षणासाठी प्रोलिन नावाचे द्रव्य साठविते. परंतु ताणाला उष्णतेची जोड मिळाली की तेच द्रव्य पेशींना मानवेनासे होते आणि रोप त्याऐवजी साखर साठवू लागते. दोन्ही ताणांत मिळून जी गुणसूत्रीय यंत्रणा जागी होते, तिचा बराचसा भाग सुट्या ताणांत कधी जागा होतच नाही. तात्पर्य, दुष्काळ आणि उष्मा एकत्र येतात तेव्हा वनस्पतीच्या दृष्टीने ते एक तिसरेच संकट असते. याच परंपरेतील २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उष्णता, क्षार, तीव्र प्रकाश, आम्लता आदी सहा ताण रोपांवर निरनिराळ्या जोडण्यांनी लादण्यात आले. प्रत्येक ताण इतका सौम्य होता की एकट्याने रोपाचे फारसे बिघडले नसते. पण त्यांची संख्या वाढत गेली तशी रोपांची वाढ आणि तगण्याचे प्रमाण झपाट्याने घसरत गेले.

मिटलर यांनीच २००६ च्या एका लेखात याची आर्थिक बाजूही मांडली आहे. १९८० ते २००४ या काळात अमेरिकेत ज्या मोठ्या हवामानी आपत्ती आल्या, त्यांपैकी केवळ दुष्काळाने झालेले नुकसान सुमारे २० अब्ज डॉलरांचे होते. दुष्काळ आणि उष्णतेची लाट यांनी मिळून केलेले नुकसान सुमारे १२० अब्ज डॉलरांचे. या तुलनेत आपत्तींची संख्या आणि व्याप्ती यांचाही वाटा असणार हे उघड आहे. तरीही सहापट हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नव्हे.

हवेतील कर्बद्विप्राणिल वायू वाढल्याने पिके जोमाने वाढतील आणि उष्णतेचे नुकसान त्यातून भरून निघेल, असा एक आशावाद अधूनमधून व्यक्त केला जातो. सोयाबीनच्या बाबतीत त्याची परीक्षा इलिनॉय विद्यापीठाच्या उघड्या शेतांत आठ वर्षे घेण्यात आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की पाऊस पुरेसा असताना हा लाभ दिसतो. दुष्काळ जसजसा तीव्र होतो तसतसा तो आटत जातो आणि शेवटी नाहीसा होतो. म्हणजे ज्या वर्षी मदतीची सर्वांत अधिक गरज, त्याच वर्षी ही मदत मिळत नाही.

आधी ओल, मग ताण

महाराष्ट्रात आज सुमारे ५० लाख हेक्टरांवर सोयाबीन घेतले जाते. एकेकाळी खरीप ज्वारीने व्यापलेल्या जमिनीचा फार मोठा भाग या पिकाखाली गेला आहे. लातूर, धाराशिव, हिंगोली, नांदेड, वाशीम, अकोला, अमरावती, यवतमाळ अशा जिल्ह्यांत कोरडवाहू कुटुंबाचा वर्षाचा रोख व्यवहार या एका पिकावर चालतो. शाळेची फी, दुकानदाराची उधारी, सोसायटीचे कर्ज, सारे सोयाबीन विकून भागते. सुमारे शंभर दिवसांचे हे पीक. पेरणी जूनच्या उत्तरार्धात, फुलोरा ऑगस्टमध्ये, दाणे भरणे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये आणि काढणी ऑक्टोबरात. या चारही टप्प्यांवर आता वेगवेगळी संकटे येऊन ठेपली आहेत, आणि ती एकमेकांना मिळालेली आहेत.

यातील क्रमालाही महत्त्व आहे. जुलैत पाऊस अधिक होऊन काळ्या जमिनीत पाणी साचले, तर मुळांना प्राणवायू मिळत नाही, त्यांच्यावरील नत्राच्या गाठी काम करीनाशा होतात आणि मुळे वरच्या थरातच राहतात. अशा पिकावर ऑगस्टमध्ये उघडीप आली, तर खोलवरची ओल त्याच्या आवाक्याबाहेर असते. जमीन भेगाळते आणि त्या भेगांत उरलीसुरली मुळेही तुटतात. दोन्ही महिन्यांची सरासरी काढली तर पाऊस ‘समाधानकारक’ भरतो. पिकाच्या दृष्टीने मात्र तो दोनदा अपायकारक ठरलेला असतो.

२०२३ चा ऑगस्ट हे याचे ठळक उदाहरण होय. देशात त्या महिन्याचा पाऊस सरासरीहून ३६ टक्क्यांनी कमी होता. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. भरीस भर म्हणून तो कमालीचा उष्णही होता. महाराष्ट्रातील अनेक महसूल मंडळांत एकवीस दिवसांहून अधिक काळ पावसाचा थेंब नव्हता, आणि सोयाबीन फुलोऱ्यात व शेंगांत होते. त्याच हंगामात विदर्भात पिवळा मोझॅक आणि मूळकूज या रोगांनीही उचल खाल्ली. मोझॅकचा विषाणू पांढऱ्या माशीबरोबर पसरतो आणि कोरडी, उबदार हवा या माशीला मानवते. म्हणजे हवामानाचे दोन ताण आणि तिसरा रोगाचा, असा तिहेरी मारा एकाच पिकावर झाला.

अशा वेळी वनस्पती हात जोडून बसते असे नव्हे. मिसूरी विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ साली सोयाबीनविषयी एक विलक्षण गोष्ट उजेडात आणली. पाण्याचा ताण आणि उष्णता एकत्र आली की हे झाड पानांवरील रंध्रे मिटून घेते, पण फुलांवरील रंध्रे मात्र उघडी ठेवते. पाने तापू देऊन, वाचलेले थोडके पाणी ते फुलांकडे वळविते. त्यायोगे फुलाच्या आतील तापमान दोन-तीन अंशांनी कमी राहते. घरात धान्य कमी पडू लागले म्हणजे मोठ्यांनी पोटाला चिमटा घेऊन पोरांना घालावे, तसाच हा प्रकार. परंतु या धडपडीलाही मर्यादा आहेत. फुले, शेंगा आणि दाणे यांची संख्या घटावयाची ती घटतेच.

दाणा आणि बी

येथवर झाला तो उत्पादनाचा विचार. परंतु उत्पादन आणि बियाणे या एकच गोष्टी नव्हेत. तेलगिरणीला दाण्यातील तेल आणि पेंड हवी असते. त्यातील अंकुर जिवंत आहे की मृत, याच्याशी तिला कर्तव्य नसते. शेतकऱ्याचे पुढचे वर्ष मात्र त्या अंकुरावर अवलंबून असते. ताणाच्या वर्षात दाण्याच्या वजनात जेवढी घट दिसते, त्याहून अधिक हानी पुष्कळदा त्याच्या उगवणशक्तीची झालेली असते, आणि ती तराजूत दिसत नाही.

सोयाबीनचे बी मुळातच नाजूक. त्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल. अशा बियांची जीवनशक्ती साठवणुकीत लवकर ओसरते. टरफल पातळ आणि त्याच्या लगत खाली कोवळे मूळ. पोते आपटले तरी इजा व्हावी, अशी ही रचना. ज्वारीचे बी कणगीत वर्षानुवर्षे टिकते, तसे हे टिकत नाही. म्हणूनच प्रमाणित बियाण्याची किमान उगवणशक्ती सोयाबीनच्या बाबतीत ७० टक्के इतकीच ठरविण्यात आली आहे.

दाणे भरण्याच्या वेळी उष्मा आणि कोरड एकत्र आली की झाड वेळेआधीच वाळते. दाण्यातील हरितद्रव्य विरून जाण्यास अवधी मिळत नाही आणि दाणा हिरवट, बारीक राहतो. असा दाणा उगवला तरी त्याच्या रोपात जोम नसतो. पुढे काढणीच्या सुमारास पाऊस आला की दुसरी हानी सुरू होते. पक्व शेंग भिजते, वाळते, पुन्हा भिजते. टरफल फुगते व आकसते, त्याला सुरकुत्या आणि सूक्ष्म तडे पडतात, आणि त्यांतून बुरशी आत शिरते. त्यानंतर मळणीयंत्राच्या वेगवान फेऱ्या. बियाण्यासाठी त्या मिनिटाला ४०० च्या आत असाव्यात अशी शिफारस आहे, पण पाऊस डोक्यावर असताना भाड्याच्या यंत्राची फेरी मोजत बसण्याची उसंत कोणास असणार? मग साठवण, आणि मराठवाड्याचा एप्रिल-मे. म्हणजे एकाच दाण्यावर ऑगस्टची कोरड, ऑक्टोबरचा पाऊस आणि मे महिन्याचा उन्हाळा, अशी तिन्हींची ओझी क्रमाने चढत जातात.

प्रयोगशाळेतील चाचणी ही अनुकूल तापमानात आणि अनुकूल ओलाव्यात होते. तेथे ७२ टक्के उगवलेले बियाणे शेतातही तितकेच उगवेल, याची हमी नसते. पेरणीनंतर दोन दिवसांत जोराचा पाऊस होऊन वरचा थर घट्ट बसला किंवा उघडीप पडली, की निरोगी बी त्यातून मार्ग काढते. खचलेले बी काढू शकत नाही. ‘पिशवीवर ७० टक्के लिहिले होते’ हे विक्रेत्याचे म्हणणे आणि ‘शेतात निम्मेही उगवले नाही’ हे शेतकऱ्याचे म्हणणे, अशी दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. २०२० मधील वादाचे गूढ बऱ्याच अंशी येथे उलगडते.

भांडवलाची झीज

अर्थशास्त्राच्या परिभाषेत बियाणे हे भांडवल आहे. उत्पन्नातून बाजूला काढून पुढील उत्पादनासाठी राखलेला तो भाग होय. दुष्काळात उपाशी राहूनही बियाण्याच्या ज्वारीला हात न लावणारी पिढी हे तत्त्व कोणत्याही पाठ्यपुस्तकाविना जाणत होती. कारखान्यातील यंत्राची झीज ताळेबंदात दाखवावी लागते. ती दाखविली नाही तर नफा फुगलेला दिसतो आणि कारखाना आतून पोखरत जातो. शेतीच्या हिशेबात मात्र बियाण्याची झीज दाखविण्याची रीतच नाही.

या भांडवलाचा आकार पाहू. हेक्टरी ७५ किलो या शिफारशीप्रमाणे ५० लाख हेक्टरांना साडेसदतीस लाख क्विंटल बियाणे लागते. प्रमाणित बियाणे दर तीन वर्षांनी बदलावे असा संकेत धरला, तरी दरसाल साडेबारा लाख क्विंटल प्रमाणित बियाणे हवे आणि उरलेले पंचवीस लाख क्विंटल घरचे किंवा शेजाऱ्याकडचे. आता एखाद्या ताणाच्या वर्षानंतर बियाण्याची सरासरी उगवणशक्ती ७० वरून ६० टक्क्यांवर आली असे समजा. तितकीच रोपे मिळविण्यासाठी हेक्टरी साडेसत्याऐंशी किलो बी टाकावे लागेल. साडेबारा किलोंची ही वाढ ५० लाख हेक्टरांवर सव्वासहा लाख क्विंटलांची होते. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनची आधारभूत किंमत क्विंटलला ५,३२८ रुपये होती. त्या दराने धरले तरी ही रक्कम सुमारे ३३३ कोटी रुपये भरते. आणि बियाणे हे धान्याच्या दराने कधीच मिळत नसते. दहा टक्क्यांच्या घसरणीची ही किंमत एका वर्षाची, आणि ती कोणत्याही आपत्तीच्या अहवालात आढळणार नाही.

तूट भरून काढणेही सोपे नाही. ज्वारीच्या हेक्टरी आठ-दहा किलो बियाण्यापासून शंभरपटीहून अधिक बी हाती येते. एक चांगला हंगाम मिळाला की तूट भरून निघते. सोयाबीनचे ७५ किलो पेरून बारा-पंधरा क्विंटल निघाले, तर ती वाढ सोळा ते वीस पटींचीच. शिवाय पैदासकार, पायाभूत आणि प्रमाणित अशा तीन पायऱ्या चढून बियाणे शेतकऱ्यापर्यंत येते. पायाभूत बियाण्याचा प्लॉट ऑक्टोबरच्या पावसात सापडला, तर त्याची झळ पुढच्याच्या पुढच्या वर्षीही लागते.

या साऱ्याचा भार अखेरीस कोणावर पडतो? दहा एकरांच्या बागायतदाराला पेरणी फसली तरी दुसऱ्यांदा बियाण्याची पिशवी आणता येते. दोन-अडीच एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला पीककर्ज हंगामात एकदाच मिळते, आणि ते पहिल्या पेरणीत संपलेले असते. दुबार पेरणीचे बियाणे त्याला उधारीवर उचलावे लागते. तेही तुटवड्याच्या दराने. पेरणी पंधरवडाभर लांबते, म्हणून काढणीही लांबते, आणि लांबलेली काढणी पुन्हा परतीच्या पावसात सापडण्याचा संभव वाढतो. २०२४ आणि २०२५ या दोन्ही हंगामांत बाजारातील सोयाबीनचा भाव बहुतांश काळ आधारभूत किमतीच्या खाली राहिला. स्वस्तात विकलेला दाणा आणि महागात घेतलेले बी, या दोहोंमधील फरक हा त्याच्या दारिद्र्याचा एक न मोजलेला हप्ता होय.

हिशेबाची पद्धत

आपत्ती मोजण्याच्या आपल्या पद्धती जुन्या आहेत आणि त्या ज्या काळात आखल्या गेल्या त्या काळाला अनुरूपही होत्या. पैसेवारी पाहावी. पिकाची स्थिती ५० पैशांच्या खाली आली की टंचाईसदृश परिस्थिती मानावयाची. १९७२ च्या दुष्काळात पाऊसच नव्हता, पीकच नव्हते. तेव्हा ही मोजपट्टी पुरेशी होती. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी, ३३ टक्क्यांहून अधिक पीकनुकसान म्हणजे मदतीस पात्र, हे निकषही एकेका संकटासाठी बेतलेले आहेत. आठवडाभर रोज ४० मिलिमीटर पडलेल्या पावसाने शेंगा कुजल्या, तर ती अतिवृष्टी ठरेलच असे नाही. ऑगस्टच्या ताणाने वीस टक्के आणि ऑक्टोबरच्या पावसाने वीस टक्के असे नुकसान झाले, तर दोन्ही वेळा शेतकरी उंबरठ्याच्या अलीकडेच राहण्याचा धोका असतो.

पीकविम्याची गत फार वेगळी नाही. उंबरठा उत्पन्न ठरविताना मागील सात वर्षांतील चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेतली जाते आणि तिला जोखीमस्तराने गुणले जाते. सतत ताणाखाली असलेल्या मंडळात ही सरासरीच खाली घसरत जाते आणि भरपाईचा हक्कही तिच्याबरोबर घसरतो. २०२५ च्या खरीप हंगामात महाराष्ट्राने हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसान हे भरपाईचे जादा आधार वगळून केवळ पीककापणी प्रयोगावर भरपाई ठरविण्याची पद्धत स्वीकारली. आधीच्या पद्धतीत गैरप्रकार झाले, खर्च हाताबाहेर गेला, ही कारणे खोटी नव्हती. परंतु नेमक्या त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मराठवाडा आणि सोलापूरच्या मोठ्या भागात शेते पाण्याखाली गेली. पीककापणी प्रयोगात दाणे तोलले जातात. ते दाणे उगवतील काय, हा प्रश्न तेथे विचारला जात नाही.

करता येण्याजोगे

या प्रश्नावर एकच रामबाण उपाय नाही. परंतु काही गोष्टी आवाक्यातील आहेत. पहिली म्हणजे मोजणी. पीककापणी प्रयोगात जो दाणा गोळा होतो, त्यातील शंभर दाण्यांची उगवणचाचणी करणे हे खर्चाचे काम नव्हे. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून आठवडाभराने कोंब मोजण्याची रीत कृषी सहायक शेतकऱ्यांना दरवर्षी शिकवीतच असतात. ही आकडेवारी मंडळवार डिसेंबरपर्यंत हाती आली, तर कोणत्या जिल्ह्यात पुढील जूनमध्ये बियाण्याची टंचाई पडणार, हे सहा महिने आधी कळेल. आज ते पेरणी फसल्यावर कळते.

दुसरी गोष्ट बियाण्याच्या राखीव साठ्याची. अन्नधान्याचा साठा ठेवण्याची आवश्यकता आपण मान्य केली आहे. बियाण्याच्या साठ्यालाही तितकेच महत्त्व मिळायला हवे. सोयाबीनचे बी फार काळ टिकत नसल्याने हा साठा थंड व कोरड्या गोदामात आणि दरवर्षी पालटता ठेवावा लागेल. खर्च आहे, पण तो वर दाखविलेल्या तोट्याशी ताडून पाहावा. उन्हाळी सोयाबीनचा बीजोत्पादनासाठी उपयोग करण्याचे प्रयत्न २०२० नंतर वाढले, हे योग्यच झाले. मात्र त्यालाही उष्म्याची मर्यादा आहे. मार्च २०२२ हा देशातील १९०१ नंतरचा सर्वांत उष्ण मार्च ठरला, आणि उन्हाळी सोयाबीनचा दाणा भरतो तो याच सुमारास. बीजोत्पादनाचे सारे प्लॉट एकाच हवामानाच्या पट्ट्यात आणि एकाच हंगामात न ठेवता ते विभागणे, हाच यातील शहाणपणाचा मार्ग दिसतो.

तिसरी गोष्ट संशोधनाची. परभणी, राहुरी आणि अकोला येथील कृषी विद्यापीठे, पुण्याची आघारकर संशोधन संस्था आणि इंदूरची सोयाबीन संशोधन संस्था यांनी वाणांच्या बाबतीत मोलाचे काम केले आहे. बारामतीजवळ माळेगाव येथे २००९ पासून अजैविक ताणांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्थाही आहे. म्हणजे माणसे आणि संस्था यांचा तोटा नाही. अपेक्षा एवढीच, की वाणाची परीक्षा केवळ दुष्काळात किंवा केवळ ओलीत न होता, दोन्हींच्या एकत्रित आणि क्रमवार ताणाखाली व्हावी, आणि वाण प्रसारित करताना हेक्टरी उत्पन्नाबरोबर त्याच्या बियाण्याची टिकाऊ उगवणशक्तीही मोजली जावी. रुंद वरंबा-सरीवरील पेरणीसारखी साधी पद्धत जादा पाणी बाहेर काढते आणि उघडिपीत ओलही धरते, म्हणजे ती दोन्ही ताणांवर उपयोगी पडते. तिचा प्रसार अजून मर्यादित आहे. त्यासाठी लागणारे यंत्र लहान शेतकऱ्याच्या दारात वेळेवर पोचत नाही, हे त्याचे एक मोठे कारण होय.

चौथी गोष्ट एका पिकावरील भिस्त कमी करण्याची. सोयाबीनमध्ये तुरीची ओळ घेणारा शेतकरी नकळत विम्याचाच हप्ता भरीत असतो. एका संकटात दोन्ही पिके सहसा सारखी बुडत नाहीत. परंतु तुरीला आणि ज्वारीला बाजारात आधार नसेल, तर हा उपदेश पोकळ ठरतो, हेही तितकेच खरे.

शासनाचे आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते, विमा कंपनीचे वर्ष पीककापणीबरोबर संपते आणि बातमीचे आयुष्य तर पंचनाम्यापर्यंतच असते. बियाण्याचे वर्ष मात्र ऑक्टोबरात संपत नाही; तेथे त्याचा निम्माच प्रवास झालेला असतो. शेतकऱ्याच्या ओसरीत पोत्यांत पडून असलेला तो दाणा जिवंत आहे की नाही, हे कोणी तरी हिवाळ्यातच विचारले पाहिजे. जूनमध्ये चाड्यावर मूठ धरली जाईल तेव्हा विचारून उपयोग नाही. तोवर कर्ज काढून झालेले असते.